पद्मिनीचा मागचा दिवा

जुन्या प्रीमियर पद्मिनीचा मागचा बल्ब काढायला फारशी हत्यारे लागत नाहीत. लाल काचेचे स्क्रू सोडवायचे, काच जपून बाजूला ठेवायची आणि बल्ब अंगठ्याने किंचित आत दाबून डावीकडे फिरवायचा. तो अलगद हातात येतो. उडालेला बल्ब उजेडाकडे धरला की काचेला आतून चढलेली काळी झाक दिसते. तापलेल्या तारेतून वर्षानुवर्षे सुटलेला टंगस्टन तिथे जाऊन बसलेला असतो. पितळी बुडाला दोन बाजूंनी दोन बारीक खुंट्या असतात, आणि बारकाईने पाहिले तर त्या एका पातळीत नसतात. एक वर, एक जरा खाली. आत दोन तारा. एक ५ वॅटची, दिवे लावले की रात्रभर जळणारी. दुसरी २१ वॅटची, ब्रेकवर पाय पडला की तेवढ्यापुरती पेटणारी.

असा बल्ब खिशात टाकून पद्मिनीचा मालक पुण्याच्या नाना पेठेत जातो, तेव्हा दुकानदार काउंटरवर तीन वस्तू मांडतो. पहिली जुन्या मालातली, गाडीच्याच काळातली. तिच्या खोक्याचा पुठ्ठासुद्धा पिवळा पडलेला. दुसरा आजच्या बनावटीचा साधा बल्ब, त्याच मापाचा. तिसरा एलईडी, बूड तेच, पण तारेच्या जागी ठिपक्याठिपक्यांची दांडी. होल्डरमध्ये तिन्ही बसतात. मालक विचारतो, यातला योग्य कोणता?

वरवर पाहता हा सुट्या भागांच्या दुकानातला रोजचा प्रश्न. पण ‘योग्य’ या शब्दापाशी जरा थांबायला हवे. संस्कृतातल्या ‘युज्’ धातूपासून तो आला. युज् म्हणजे जोडणे, जुंपणे. ‘योग’ही त्याच घरातला. योग्य म्हणजे मुळात जुंपण्याजोगा, आणि गाडीला जुंपायच्या जनावरालाही संस्कृतात हाच शब्द आहे. बैल देखणा आहे की नाही हा पुढचा प्रश्न. या गाडीच्या या जुवाखाली, या जोडीदाराबरोबर तो चालेल का, हा आधीचा. बल्बची निवड करताना हा मूळ अर्थच कामाला येतो.

पद्मिनीची कुळकथा महाराष्ट्रातली आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदवलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे धरलेले असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेली. उरल्या त्या खासगी गाड्या, कुणाच्या वडिलांनी नंबर लावून घेतलेल्या, कुणी हौसेने मिळवलेल्या. त्यांच्या मालकांना एकच धास्ती असते. एकेक भाग बदलता बदलता आपली गाडी ‘ती’ राहणार का?

ही धास्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात नागसेन राजाला विचारतो, आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ का? चाके? दांडी? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. या सगळ्यांखेरीज वेगळा असा काही रथ आहे का? तेही नाही. मग दोघे या ठिकाणी येतात की हे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले म्हणजे ‘रथ’ हे नाव व्यवहारात चालते. मराठी माणसाला ही जोडी परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेले कॉलेज मिलिंद महाविद्यालय, आणि त्याचा परिसर नागसेनवन.

याच संवादात दिव्याचाही दाखला येतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत एकच का? एकच म्हणवत नाही, कारण तेल आणि वात क्षणाक्षणाला सरत असतात. वेगळी म्हणवत नाही, कारण रात्रभर दिवा एकच तेवत होता. पुढे बौद्ध आणि न्यायदर्शनाचे नैयायिक शतकानुशतके वाद घालत राहिले तेव्हाही ही ज्योत वादात पुन्हा पुन्हा येत राहिली. ‘ही तीच’ ही ओळख खरी की केवळ सारखेपणातून झालेला भास, याचा निवाडा करायला ज्योतीइतके सोपे आणि ज्योतीइतके अवघड उदाहरण दुसरे नाही.

इथे एक योगायोग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. फळ्या बदलत गेलेले थीसियसचे जहाज तेच का, या ग्रीकांच्या वादाची नोंद आपल्यापर्यंत आली ती प्लूटार्कमुळे. त्याच प्लूटार्कने मिनँडरच्या, म्हणजे याच मिलिंदाच्या, अंताची हकिगत लिहून ठेवली आहे. राजा छावणीत वारला तेव्हा नगरांनी त्याच्या रक्षेचे वाटे करून घेतले आणि ठिकठिकाणी स्मारके उभारली, असे तो सांगतो. रथाच्या भागांबद्दल ज्याला प्रश्न विचारला गेला, त्याच्याच देहाचे असे भाग झाले.

धर्माचरणात मात्र या प्रश्नाची उत्तरे वादापाशी थांबली नाहीत. ती करून पाहिली. पुरीला नवकलेवर होते तेव्हा जगन्नाथाची जुनी काष्ठमूर्ती जाऊन नवी येते. १९९६ साली आली, त्यानंतर २०१५ साली. डोळे बांधलेले सेवक रात्रीच्या अंधारात जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जगन्नाथ तोच राहतो. म्हणजे तिथे ओळख आत जपलेल्या एका गोष्टीत आहे. आपल्या घरच्या नवरात्रात नेमके उलटे. घटाशेजारचा अखंड दिवा नऊ दिवस तेवतो, त्यात जपून ठेवलेले असे काहीच नसते. तेल घालत राहायचे, काजळी हलक्या हाताने झाडायची, वात सरत आली की जुनी विझायच्या आत नवी तिच्यावरच लावून घ्यायची. वस्तू एकही टिकत नाही, पण अखंडपणाबद्दल घरातल्या कुणाला शंका येत नाही.

आरटीओचे उत्तर पुरीच्या जवळ जाणारे आहे. गाडीची ओळख चेसिस नंबरात. कागद लावून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतात तो त्यासाठीच. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, त्यातही ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असे म्हटले आहे, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको अशी अट घातली आहे. पण बल्ब म्हणजे चेसिस नव्हे. कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हाच तो एक दिवस उडणार हे ठरलेले होते. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत बल्बबद्दल लिहिलेले असते ते व्होल्ट किती, वॅट किती, बूड कोणते, एवढेच. बनवणाऱ्याने पुढच्या मालकाच्या हाती बल्बची वस्तू दिलेली नाही, बल्बचा नियम दिलेला आहे. म्हणून पिवळ्या खोक्यातला बल्ब केवळ जुना आहे एवढ्यावरून जास्त खरा ठरत नाही.

नियम हाती असेल आणि वस्तू मिळत नसेल, तर काय करावे? हा प्रश्न भारतात ज्यांनी सर्वांत कसून सोडवला ते मीमांसक, वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणारे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’चा विचार आहे. यज्ञाला सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर यज्ञ सोडायचा का? नाही. व्रीही नसतील तर नीवार, म्हणजे रानटी तांदूळ, चालतील. सोम नसेल तर पूतीक ही वनस्पती. पण ही सूट सरसकट नाही. देवता बदलता येत नाही, अग्नी बदलता येत नाही, मंत्र बदलता येत नाही. का? भाष्यकारांचे उत्तर फार नेमके आहे. द्रव्याचे काम दिसते. तांदळाचा पुरोडाश, म्हणजे आहुतीची पोळी, होतो, तसा नीवाराचाही होतो. देवतेचे आणि मंत्राचे फळ अदृष्ट आहे, म्हणून त्यांच्या जागी दुसरे ठेवले तर तेच फळ मिळेल हे कुणी कशावरून म्हणावे? जे काम दिसते तिथे पर्याय चालतो. जे दिसत नाही तिथे हात आखडावा.

त्यांचे आणखी दोन नियम आहेत. ज्याचा निषेध सांगितला आहे ते द्रव्य कितीही जुळते असले तरी घ्यायचे नाही. मूग नाहीत म्हणून उडीद यज्ञात येत नाहीत. आणि प्रतिनिधीही नाहीसा झाला, तर नवा पर्याय शोधायचा तो मूळ द्रव्याशी जुळणारा, मधल्या प्रतिनिधीशी जुळणारा नव्हे. जुन्या गाडीच्या मालकाने हा शेवटचा नियम भिंतीवर लिहून ठेवावा इतका तो उपयोगाचा आहे. गाडी चार हातांतून आलेली असते. मधल्या कुणीतरी हेडलाइटला १०० वॅटचा बल्ब लावलेला असतो. तो उडाला की आजचा मालक दुकानात तोच दाखवतो आणि म्हणतो, असाच द्या.

हे किती महाग पडते ते आकड्यांत दिसते. ४५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढतात. १०० वॅटचे दोन ओढतात पावणेसतरा. तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच चाळीस-पन्नास वर्षांच्या तारेत जवळजवळ पाचपट. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिले नसते; सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो. आधी होल्डर काळा पडतो, मग बटण मऊ होते, मग एखाद्या रात्री घाटात जळका वास येतो. सहा व्होल्टच्या त्याहून जुन्या गाड्यांत तेवढ्याच वॅटला दुप्पट प्रवाह लागतो, तिथे तर हे धाडस करूच नये.

शिवाय मंद हेडलाइटचा दोष पुष्कळदा बल्बचा नसतोच. तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजवर फार कडक अवलंबून असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी पडतो. अर्थिंगच्या जागी चढलेला गंज, सैल झालेला होल्डर, कुजलेली तार, एवढ्याने हे घडते. पॉलिश पेपरने ती जागा पितळ चमकेपर्यंत घासली की जुन्याच बल्बला नवी दृष्टी येते.

आता काम ‘दिसते’ म्हणजे किती दिसते, याकडे वळू. मीमांसकांचा निकष इथे खऱ्या कसोटीला लागतो.

ब्रेकच्या बल्बच्या त्या वरखाली खुंट्या घ्या. त्या तशा आहेत म्हणून बल्ब होल्डरमध्ये एकाच बाजूने बसतो आणि ५ वॅटची तार मागच्या दिव्याला, २१ वॅटची ब्रेकलाच मिळते. सारख्या खुंट्यांचा बल्ब जोर लावून बसवला तर रात्रभर मोठी तार जळते, आणि ब्रेक दाबल्यावर मागच्याला जेमतेम काही कळते. पिवळ्या काचेच्या इंडिकेटर बल्बच्या खुंट्या तर समोरासमोरही नसतात, १५० अंशांवर असतात, म्हणजे त्या जागी कुणी पांढरा बल्ब चुकूनही घालू नये. अर्ध्या इंचाच्या पितळावर कुणीतरी पुढच्या माणसाची चूक आधीच ओळखून ठेवली आहे. या खुंट्यांकडे पाहिले की बनवणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

इंडिकेटरची टिकटिक घ्या. जुना फ्लॅशर म्हणजे उष्णतेने वाकणारी धातूची पट्टी. पुढचा आणि मागचा असे २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, पट्टी तापते, वाकते, तुटक होते, निवते, पुन्हा जुळते. तिथे दोन-तीन वॅटचे एलईडी लावले की पट्टी नीट तापतच नाही आणि इंडिकेटर लुकलुकत नाही. बल्बचे काम उजेड देणे हे दिसत होते. प्रवाह ओढून पट्टीला तापवणे हेही त्याचेच काम होते, ते कुणी पाहिले नव्हते. त्यासाठी फ्लॅशरही बदलावा लागतो. साध्या तारेला प्रवाहाची दिशा कळत नाही, एलईडीला कळते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या, बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेल्या ब्रिटिश गाड्यांत म्हणूनच चुकीचा एलईडी गप्प बसतो.

पण या सगळ्यांत विचार करायला लावणारा दिवा सर्वांत लहान आहे. डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो. गाडीत इतके काही घडत असते, हा मात्र काही करत नाही. बॅटरी चार्ज होते आहे की नाही एवढे सांगतो. सांख्यांचा पुरुष जसा नुसता पाहणारा, करणारी सगळी प्रकृती, तसा हा गाडीचा साक्षी वाटतो. अल्टरनेटर असलेल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत मात्र तसे नसते. अल्टरनेटर स्वतःहून वीज करू लागण्याआधी त्याच्या फिरत्या गुंडाळीला थोडा प्रवाह द्यावा लागतो, आणि तो प्रवाह या दोन-अडीच वॅटच्या बल्बमधूनच जातो. तिथे एलईडी बसवला, तर दिवा अगदी छान लागतो, पण अल्टरनेटर जागाच होईल याची खात्री राहत नाही. बॅटरी उतरत जाते आणि चार दिवसांनी सकाळी गाडी सुरू होत नाही.

ज्याला साक्षी समजलो तो कर्ता निघाला. मीमांसकांनी अदृष्टापाशी हात का आखडला, ते या इवल्या दिव्यापाशी लख्ख कळते. पर्याय निवडणाऱ्याचे पहिले कर्तव्य हे की जुनी वस्तू जी जी कामे मुकाट्याने करत होती ती सगळी शोधून काढावीत. जुन्या गोष्टी टाकून देण्याची घाई आणि जुन्या गोष्टींना हातही न लावण्याचा हट्ट, दोन्हींत हा शोध चुकवलेला असतो.

एलईडीच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलायला हवे, कारण मागच्या दिव्याच्या बाबतीत त्याचे म्हणणे वजनदार आहे. ब्रेक दाबल्यावर २१ वॅटची तार पूर्ण तेजाला यायला सुमारे ०.२ सेकंद घेते. एलईडी जवळजवळ तत्क्षणी लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी ०.२ सेकंदात साधारण साडेचार मीटर पुढे येते. म्हणजे एका गाडीच्या लांबीहून जास्त. पद्मिनीचे दिवे आजच्या गाड्यांच्या मानाने लहान आहेत. मागचा चालक ज्या दिव्यांना सरावला आहे त्यांच्या गर्दीत ते हरवतात. चांगल्या बनावटीचा, लाल काचेमागे लाल रंगाचाच एलईडी लावला तर तो दिसतो. पांढरा लावला तर काच फिकट गुलाबी दिसते, कारण पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल फार थोडा असतो. तारेच्या उजेडात तो भरपूर असतो.

मग मूळपणाचे काय? फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळे असणे कायद्याने सक्तीचे होते. तिथल्या एखाद्या जुन्या सित्रोएनला आज पांढरा बल्ब लावला तर गाडीच्या चेहऱ्यावरचा एक काळ पुसला जातो, आणि तो जपावा असे वाटणे रास्त आहे. हेडलाइटच्या उजेडात गाडीची स्वतःची नजर असते. मागच्या दिव्याचे तसे नाही. हा दिवा मालकासाठी नाहीच. गाडी चालवणाऱ्याला तो आयुष्यभर दिसत नाही. तो आहे अनोळखी माणसासाठी, पावसात, वाहतुकीत, मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यासाठी. म्हणून तिथे प्रदर्शनातल्या परीक्षकाला काय आवडेल हा विचार मागे पडावा आणि त्या स्कूटरवाल्याला काय दिसेल हा पुढे यावा. नाना पेठेतल्या काउंटरवर त्याची बाजू मांडायला कुणी नसते. मालकानेच ती मांडायची असते.

तेव्हा तीन वस्तूंपैकी मालकाने दुसरी उचलावी, हे बहुतेक वेळा बरोबर: त्याच मापाचा, ५ आणि २१ वॅटचा नवा साधा बल्ब. घाटात आणि महामार्गावर गाडी नियमित जात असेल तर लाल एलईडी, आणि जुना बल्ब खोक्यात घालून कप्प्यात. पिवळ्या पुठ्ठ्यातला जुना माल जपण्यासारखा आहे, पण रस्त्यावर त्याचे वय त्याच्या बाजूने काही सांगत नाही.

खंडेनवमीच्या संध्याकाळी गाडी धुऊन होते. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबे उद्या ठेवायची असतात. नवा बल्ब होल्डरमध्ये दाबून उजवीकडे फिरवला जातो, खुंट्या खटकन बसतात, काच लागते. मालक आत बसून ब्रेकवर पाय ठेवतो. त्याला स्वतःला काही दिसत नाही, म्हणून तो आरशात शेजारच्या मुलाकडे पाहून विचारतो, “लागला का रे?”

मुलगा गाडीमागे उकिडवा बसलेला असतो. त्याच्या चेहऱ्यावर लाल उजेड पडलेला असतो.

“लागला, काका. पण डावा जरा मंद आहे.”

मालक उतरतो, डब्यातून पॉलिश पेपरचा तुकडा काढतो आणि डाव्या दिव्याचा पहिला स्क्रू पुन्हा सोडवू लागतो.